फील्डवर्कला जाण्याआधीचा महिना: तयारी नेमकी कशाची करायची?

नवी_पाटी

नमस्कार मंडळी. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात फील्डवर्क, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करत शिकणं, सुरू होतंय. एजन्सी ठरलीय: कुटुंबांसोबत काम करणारी संस्था, समुपदेशन आणि गृहभेटी हे तिचं मुख्य काम. ओरिएंटेशनला नियमावली मिळाली, हजेरीचा तक्ता मिळाला, रेकॉर्डिंग (भेटींची लेखी नोंद) कधी जमा करायचं तेही सांगितलं. पण मला जे विचारायचंय ते त्यात कुठेच नाही. समोरचा माणूस रडायला लागला तर काय करायचं? मला अजून काही येत नसताना कुणाच्या घरात जाऊन त्यांच्या आयुष्याबद्दल प्रश्न विचारायचा मला काय हक्क? वाचन चालू आहे, पण जितकं वाचते तितकी भीती वाढतेय. आधी यातून गेलेल्यांनी सांगा, हा महिना मी कशात घालवू?

पायवाट

नवी_पाटी, मी एजन्सी सुपरवायझर आहे, म्हणजे संस्थेत विद्यार्थ्यांच्या कामावर देखरेख करणारी, दरवर्षी विद्यार्थी माझ्या हाताखाली येतात. हक्काचा प्रश्न ज्यांना पडतो ती मुलं माझ्या अनुभवात चांगलं काम करतात, त्यामुळे त्याला घाबरू नकोस.

हा हक्क समोरचा माणूस देतो, आणि तो देण्याआधी तू कोण आहेस हे त्याला नीट कळलेलं असलं पाहिजे. म्हणून सगळ्यात आधी स्वतःची ओळख करून देणारी चार-पाच वाक्यं तयार कर आणि मोठ्याने म्हणून बघ. तुझं नाव. मी विद्यार्थिनी आहे. या संस्थेत अमुक महिन्यापर्यंत आहे. तुम्ही सांगाल ते मी माझ्या सुपरवायझरशी बोलते, बाहेर कुणाशी नाही. पण कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला ते पुढे सांगावं लागेल. आणि माझ्याशी बोलायचं नसेल तरी तुम्हाला मिळणारी मदत थांबणार नाही.

यातलं दुसरं आणि शेवटचं वाक्य मुलं हमखास गाळतात. नुसतं ‘मी संस्थेतून आलेय’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, ही कोणी अधिकारी आहे, हिला नाही म्हटलं तर मदत बंद होईल. मग तो बोलतो खरा, पण त्याची ती संमती काही कामाची नसते. ‘विद्यार्थिनी’ म्हटल्याने आपलं वजन कमी होईल असं वाटतं, प्रत्यक्षात उलटंच होतं. लोक विद्यार्थ्याला समजावून सांगतात, आणि समजावताना बरंच काही बोलून जातात.

दुसरंवर्ष

मी आता दुसऱ्या वर्षाला आहे. ताईंनी महत्त्वाचं सांगितलंच, मी फक्त व्यवहाराचं सांगतो. पहिल्या दिवसाआधी एकदा एजन्सीत जाऊन ये आणि सुपरवायझरला हे विचार: मी बसायचं कुठे, तुम्ही रजेवर असाल तर मी कुणाला विचारायचं, गृहभेटीला एकटीने जायचं की कुणासोबत, येण्याजाण्याचा खर्च कोण करतं, संस्थेच्या फायलीत मी लिहायचं की फक्त माझ्या वहीत. हे प्रश्न नंतर विचारायला अवघड वाटतात.

संस्थेचा वार्षिक अहवाल मिळाला तर वाच. पैसा कुठून येतो आणि संस्था कुणाला मदत करत नाही, या दोन गोष्टी त्यात शोध. दुसरी गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही, पण दारात आलेल्या माणसाला ‘इथे नाही, तिकडे जा’ सांगायची वेळ तुझ्यावरच येणार आहे. तेव्हा ‘तिकडे’ म्हणजे कुठे, हे माहीत हवं.

आणि माझं एक मत: भेटीआधी केसची फाइल वाचू नकोस. कोरं मन घेऊन जा. आधीच्या कार्यकर्त्याने ‘असहकार्य करणारी’ असं लिहून ठेवलेलं असतं आणि मग आपल्याला तेच दिसायला लागतं.

रातवा

फाइलच्या बाबतीत पूर्ण असहमत. मी रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्य करतो. फाइल न वाचता गेलं की माणसाला त्याची सगळी कहाणी पुन्हा सांगायला लावतो आपण. ज्या बाईने तीन वेगवेगळ्या लोकांना आपल्या मुलाच्या मृत्यूबद्दल सांगून झालंय, तिला चौथ्यांदा ‘घरात कोण कोण असतं?’ विचारणं हे कोऱ्या मनाचं लक्षण नाही, तो त्रास आहे. शिवाय घरात मारहाणीचा इतिहास असेल, कुणी आधी जीव द्यायचा प्रयत्न केला असेल, तर ते माहीत नसताना तिथे जाणं तुमच्यासाठीही बरं नाही आणि त्यांच्यासाठीही.

पायवाट

रातवा, तुमच्याशी सहमत, पण दुसरंवर्षचा मुद्दाही सोडून देण्यासारखा नाही. मी विद्यार्थ्यांना फाइल वाचायला लावते आणि वाचताना पेन्सिलीने दोन रकाने करायला लावते. एकात जे घडलं ते: तारखा, आजार, मृत्यू, कोर्ट, नोकरी गेली, शाळा सुटली. दुसऱ्यात कुणाचं तरी मत: असहकार्य करणारी, आळशी, खोटं बोलतो. पहिला रकाना डोक्यात ठेवून भेटीला जायचं. दुसऱ्यातल्या एकेका शब्दाबद्दल परत आल्यावर मला सांगायचं की असं वाटण्यासारखं काय दिसलं किंवा दिसलं नाही. ‘असहकार्य’ म्हणून लिहिलेली बाई पुष्कळदा भेटीची वेळ कामाच्या वेळेत ठेवल्यामुळे येऊ शकलेली नसते.

खडू_फळा

मी शिकवते, फॅकल्टी सुपरवायझर म्हणूनही, म्हणजे कॉलेजच्या बाजूने फील्डवर्क बघायचं, काम करते. माझं सांगणं एकाच गोष्टीबद्दल आहे आणि ते जरा लांबेल: रेकॉर्डिंग. त्याला मुलं शिक्षा समजतात. मला विचाराल तर फील्डवर्कच्या तयारीत यापेक्षा मोठं काही नाही, आणि ते आजपासून घरी बसून करता येतं.

दोन नमुने देते, दोन्ही मी बनवलेले. पहिला, जसा बहुतेक वह्यांत दिसतो तसा:

‘आज गृहभेट केली. क्लायंटशी संवाद साधला. सध्या काही त्रास नसल्याचे त्यांनी सांगितले. त्यांना समुपदेशन केले व पुढील भेटीची वेळ ठरवली.’

आता हीच भेट पुन्हा लिहिलेली:

‘मी विचारलं, आता घरी कसं आहे? बाई म्हणाल्या, आता काही त्रास नाही. हे म्हणताना त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, नक्की ना? त्या म्हणाल्या, हो, हो. मग मी मुलाच्या शाळेचं विचारलं.’

त्याच्या शेजारच्या रकान्यात: ‘आणखी विचारलं तर त्या उठून जातील असं वाटलं. पोटात गोळा आला. शाळेचा विषय काढल्यावर मलाच बरं वाटलं.’

आणि तिसऱ्या रकान्यात: ‘नक्की ना, या प्रश्नाला हो शिवाय दुसरं उत्तर देणं कठीण. आत कोण होतं? विषय मी बदलला, त्यांनी नाही.’

चौथा रकाना सुपरवायझरसाठी कोरा. पहिला नमुना वाचून मी त्या विद्यार्थिनीला काहीही शिकवू शकत नाही. दुसऱ्यावर आम्ही तासभर बोलू शकतो: दाराकडे पाहिल्यावर काय करता आलं असतं, भेट बाहेर कुठे ठरवता आली असती का, हा प्रश्न त्या घरात विचारावा की नाही.

तर या महिन्यात एवढं कर. एखाद्या मैत्रिणीला सांगून, तिची परवानगी घेऊन, दहा मिनिटं तिच्याशी तिच्या एखाद्या खऱ्याखुऱ्या अडचणीबद्दल बोल. समोर काही लिहू नकोस, फोनवर ध्वनिमुद्रण नको. घरी आल्या आल्या आठवेल तसं शब्दाला शब्द लिहून काढ. पहिल्यांदा अर्धं पान सुद्धा भरत नाही. दोन-चारदा केलं की आपण कुठे बोलणं तोडतो, कुठे सल्ला घुसडतो, कुठली गोष्ट ऐकूच आलेली नसते, हे दिसायला लागतं. मग ते लिखाण मैत्रिणीला दाखव आणि विचार, तू हेच म्हणाली होतीस का? तिचं उत्तर ऐकून ठेव.

रातवा

खडू_फळा मॅडमना अनुमोदन. एक जोड: ‘समुपदेशन केले’ हे दोन शब्द वहीतून हद्दपार करा. काय बोललात ते लिहा.

आता रडण्याबद्दल. रडणं थांबवायचं काम तुझ्याकडे नाही, नवी_पाटी. ‘रडू नका, सगळं ठीक होईल’ हे आपण त्या माणसासाठी म्हणत नाही, आपल्याला ते बघवत नाही म्हणून म्हणतो. गप्प बस. नजर खाली घालू नकोस, टक लावूनही पाहू नकोस. लगेच हात लावू नकोस. काहींना तो नको असतो, आणि ज्यांना मारहाण झालीय त्यांना अचानक झालेला स्पर्श दचकवतो. रडणं ओसरलं की इतकंच विचार, ‘आत्ता कशाची आठवण झाली?’ किंवा ‘थोडं थांबायचं का आपण?’ त्या ‘नको, बोलते’ म्हणाल्या तर पुढे जा.

तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर? येऊ दे. फक्त त्यांना तुझी समजूत काढत बसायला लागू नये. फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ मध्ये केसवर्कमधल्या (एकेका व्यक्तीसोबतच्या समाजकार्यातल्या) नात्याची सात तत्त्वं मांडली, त्यात नियंत्रित भावनिक सहभाग हे एक आहे. परीक्षेसाठी सातही पाठ होतात, पण याचा अर्थ अशा वेळी कळतो. कोरडं राहायला त्यात कुणी सांगितलेलं नाही. आपली भावना ओळखायची आणि ती त्या माणसाच्या उपयोगी पडतेय का हे बघायचं, एवढंच आहे त्यात.

निळी_शाई

बरेच दिवस विचारावं की नको असं चाललं होतं, हा विषय वाचून धीर आला. माझ्या घरात व्यसन होतं. मी त्यातच मोठी झाले. आणि मला फील्डवर्कसाठी व्यसनमुक्ती केंद्र मिळालंय. एक मन म्हणतं की मला हे काम इतरांपेक्षा जास्त समजेल. दुसरं मन म्हणतं की पहिल्याच दिवशी मी कोसळेन. कॉलेजात हे सांगावं का? सांगितलं तर ‘हिला हे झेपणार नाही’ असा शिक्का बसेल का?

खडू_फळा

निळी_शाई, तुझी दोन्ही मनं खरं बोलतायत. ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना काही गोष्टी न सांगता कळतात, हे मी पुष्कळ विद्यार्थ्यांत पाहिलंय. त्याचबरोबर समोरच्या बाईच्या नवऱ्यात आपला बाप दिसायला लागला की तिला काय हवंय हे ऐकू येईनासं होतं. आपण तिला सोडून जायला सांगतो, कारण आपल्या आईने सोडून जावं असं आपल्याला वाटत होतं. हे व्हायला वाईट माणूस असावं लागत नाही.

सांगावं का? सगळी कहाणी सांगायचं बंधन तुझ्यावर अजिबात नाही. पण सुपरवायझरला एक वाक्य सांग: ‘हा विषय माझ्या घराच्या जवळचा आहे, काही प्रसंगी मला तुमच्याशी लगेच बोलावं लागेल.’ इतकं पुरे. चांगला सुपरवायझर त्यापुढे खोदत नाही आणि तुला कुठल्या केसेस आधी द्यायच्या हे ठरवतो. आणि तुझं मन ठाम नकार देत असेल तर सुरुवात होण्याआधीच एजन्सी बदलून माग. मध्यात सोडण्यापेक्षा ते तिथल्या लोकांसाठीही बरं. त्याला झेपत नाही म्हणणारे म्हणोत, स्वतःची मर्यादा आधी ओळखणं हे या कामातलंच कौशल्य आहे.

पायवाट

निळी_शाई, मी सुपरवायझरच्या बाजूने सांगते: असं आधी सांगणाऱ्या मुलीबद्दल माझा विश्वास वाढतो. शिवाय आपल्यासाठी कुणीतरी वेगळं बघून ठेव. सुपरवायझर तुझ्या कामाबद्दल बोलेल. तुझ्या जखमेसाठी स्वतंत्र समुपदेशक असेल तर दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकत नाहीत.

दुसरंवर्ष

एक वेगळाच प्रश्न मध्ये टाकतो, कारण हा पुष्कळांना येतो. एजन्सीत गेल्यावर कामच दिलं नाही तर? मला सुरुवातीचे आठवडे याद्या टाइप करायला आणि कार्यक्रमांचे फोटो काढायला लावलं. सुपरवायझर कायम घाईत. कॉलेजात तक्रार केली असती तर एजन्सी नाराज झाली असती.

खडू_फळा

यासाठीच लर्निंग कॉन्ट्रॅक्ट असतं, आणि त्याकडे कुणी गांभीर्याने बघत नाही. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी, एजन्सी सुपरवायझर आणि फॅकल्टी सुपरवायझर या तिघांनी बसून लिहायचं: या सत्रात मी काय काय शिकणार, त्यासाठी कुठलं काम मिळणार, शिकले हे कशावरून ठरणार. ‘समुपदेशन शिकणे’ असं लिहू नका. ‘सप्टेंबरअखेर सुपरवायझरसोबत दोन गृहभेटी, त्यानंतर एक भेट स्वतः घेणे आणि तिचं सविस्तर रेकॉर्डिंग’ असं लिहा. मग याद्या टाइप करायला दिल्या की भांडावं लागत नाही, ‘सर, आपण ठरवलेली भेट कधी घेऊ?’ इतकं विचारता येतं.

फील्डवर्क हा अभ्यासक्रमाला नुसता वरून जोडलेला उपक्रम नाही, हे कॉलेजांनीही लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेत समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेने २००८ मध्ये फील्डवर्कला या व्यवसायाची ओळख ठरवणारी शिक्षणपद्धती म्हटलं. तिथे पदवीला किमान ४०० आणि पदव्युत्तरला किमान ९०० तास भरावे लागतात. इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष कामातून शिकण्याचे २०० दिवस असतात, त्यातले जास्तीत जास्त ३० दिवस कौशल्यांच्या सरावाला धरता येतात. इतका वेळ फोटो काढण्यासाठी ठेवलेला नाही.

अर्थात थोडं कारकुनी काम प्रत्येकाला करावं लागतं आणि त्यातूनही संस्था कळते. कुणाचे अर्ज परत येतात, का परत येतात, हे यादी करणाऱ्यालाच आधी दिसतं. पण सत्रभर तेच चाललं तर फॅकल्टी सुपरवायझरला कळवणं ही तक्रार नव्हे. त्यासाठीच ते असतात.

रातवा

सुपरवायझर घाईत असतात हे खरं. त्यावर उपाय: सुपरव्हिजनला, म्हणजे सुपरवायझरसोबतच्या बैठकीला, रिकाम्या हाताने जाऊ नका. आदल्या दिवशी तीन ओळी लिहून पाठवा. कुठल्या प्रसंगाबद्दल बोलायचंय, मी काय केलं, माझा अडलेला प्रश्न काय. आल्फ्रेड काडूशिन यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देणारं. घाईच्या वेळी पहिलंच उरतं, ‘हजेरी झाली का, रिपोर्ट दिला का.’ उरलेली दोन विद्यार्थ्याने मागून घ्यावी लागतात.

गोपनीयतेबद्दलही एक. पायवाट यांनी वर धोक्याचं वाक्य सांगितलं, ते कधीही सोडू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊन बसलेल्या विद्यार्थ्याला मूल आपल्यावरच्या अत्याचाराबद्दल सांगतं, तेव्हा तो कात्रीत सापडतो. बऱ्याच देशांत मुलांवरचा अत्याचार कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. भारतात मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ त्यासाठी आहे. कुणाला कळवायचं, कसं कळवायचं, संस्थेत ते कोण करतं, हे पहिल्या आठवड्यात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तो प्रसंग आल्यावर शोधायला वेळ नसतो.

पायवाट

गृहभेटीच्या सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, कारण यावर कुणी बोललं नाही. कुठे जातेय आणि किती वाजता परत येणार हे संस्थेत एका माणसाला माहीत असलं पाहिजे. फोन चार्ज केलेला. बसताना दाराजवळ. घरात कुणी दारू पिऊन असेल, भांडण चालू असेल, किंवा नुसतं मनाला बरं वाटत नसेल, तर दारातूनच ‘पुन्हा येते’ म्हणून परत फिर. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही आणि कुठलाही शहाणा सुपरवायझर त्याबद्दल बोल लावणार नाही.

नवी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी मैत्रिणीसोबत रेकॉर्डिंग करून बघितलं. तिला दाखवल्यावर ती म्हणाली, ‘मी नोकरी सोडायचीय असं म्हटलंच नव्हतं, मी म्हटलं होतं की सोडावीशी वाटते.’ त्या एका फरकावर आम्ही तासभर बोललो. तिच्या म्हणण्याप्रमाणे, मी सोडण्याचे उपाय सुचवायला लागल्यावर तिने बोलणं आवरतं घेतलं होतं.

आता दोन प्रश्न उरलेत. लोक माझा फोन नंबर मागतील, तेव्हा काय सांगू? आणि सत्र संपल्यावर त्या कुटुंबांचं काय होतं?

पायवाट

वा, हे काम चोख केलंस.

फोन नंबर संस्थेचा दे, स्वतःचा नको. ‘मला रात्री उत्तर देता येणार नाही, पण या नंबरवर कुणीतरी असतं’ असं सरळ सांग. पैसे देऊ नकोस, घेऊ नकोस. समाजमाध्यमांवर मैत्रीची विनंती आली तर स्वीकारू नकोस आणि भेटल्यावर त्याचं कारण सांग, म्हणजे अपमान वाटत नाही. एखाद्या घरी मनापासून काही देऊ केलं तर संस्थेचा नियम काय ते आधीच विचारून ठेव.

सत्र संपण्याबद्दल: निरोपाची तयारी शेवटच्या आठवड्यात सुरू होत नाही. पहिल्या ओळखीत महिना सांगितलेला असतोच, त्याची मध्ये एकदा आठवण करून द्यायची, आणि शेवटच्या महिन्यात दर भेटीत बोलायचं. काही लोक तेव्हा अचानक यायचे बंद होतात किंवा जुनी अडचण पुन्हा उकरून काढतात. ज्यांना आधी कुणी न सांगता सोडून गेलंय त्यांच्यात हे जास्त दिसतं. त्यावर रागावू नकोस, त्याच्याबद्दलच बोल.

शेवटच्या दोन भेटींपैकी एका भेटीत पुढच्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन जा आणि त्या कुटुंबासमोरच सांग की आपलं काय काय ठरलं होतं, किती झालं, काय राहिलं. त्यांना त्यात दुरुस्ती करू दे. हस्तांतराची नोंद त्यावरूनच लिही. तुझ्या स्वतःच्या वहीत मात्र खरी नावं, पत्ते पहिल्या दिवसापासूनच नकोत. कॉलेजला जमा होणाऱ्या रेकॉर्डिंगमध्येही बदललेली नावं घाल. वही प्रवासात विसरली जाते. संस्थेची फाइल संस्थेतच राहते, तिचा फोटोही फोनमध्ये काढायचा नाही.

खडू_फळा

त्या मैत्रिणीसोबत आणखी एकदा कर, नवी_पाटी. यावेळी एकही उपाय सुचवायचा नाही असं ठरवून.